ठाणे-नवी मुंबईत छोटा विमानतळ का नाही? जुहू आणि नेवाळीची हकीकत

सानपाड्याच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. नवी मुंबईचा मोठा विमानतळ सुरू झाला, पण सेसनासारखी छोटी विमानं उतरतील, मुलं शिकतील, हौशी माणसं उडतील असा छोटा विमानतळ ठाणे-नवी मुंबईत का नाही? जुहूला होता, तिथे आता कोणी का शिकत नाही? आणि नेवाळीला इंग्रजांच्या काळातली धावपट्टी आहे म्हणतात, तीच का वापरत नाहीत? मुलगी अकरावीत आहे आणि तिला पायलट व्हायचंय, म्हणून विचारतोय, असं त्यांनी शेवटी लिहिलंय.

माझी सगळी नोकरी हवाई वाहतूक नियंत्रणात गेली, काही वर्षं टॉवरमध्ये, काही रडारसमोर. आता ठाण्यात राहतो. थोडक्यात सांगायचं तर धावपट्टी बांधणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. हजार-बाराशे मीटर डांबर घालायला कितीसा वेळ लागतो? अडतं ते वरच्या आकाशात आणि खालच्या सातबाऱ्यावर. जुहूचं आकाश गेलं आणि नेवाळीचा सातबारा अजून भांडणात आहे.

आधी जुहू. देशातल्या अगदी सुरुवातीच्या नागरी विमानतळांपैकी हा एक, 1928 मधला. विमानतळ म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं तसं तिथे काही नव्हतं. समुद्राला लागून असलेलं चिखलाचं सपाट मैदान, एवढंच. त्याच वर्षी बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. 10 फेब्रुवारी 1929 ला जे. आर. डी. टाटांना वैमानिकाचा परवाना मिळाला, त्यावरचा क्रमांक 1. पुढे 15 ऑक्टोबर 1932 ला ते कराचीहून पस मॉथ या एका इंजिनाच्या विमानातून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला उतरले आणि दुपारी जुहूला पोचले. अहमदाबादला त्यांच्या विमानासाठी इंधनाचे डबे बैलगाडीतून आले होते. टपालाचं वजन साधारण 25 किलो. एअर इंडियाचा जन्म तो हाच.

या गोष्टीचा एक भाग सहसा कोणी सांगत नाही. पावसाळा लागला की जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं. चिखलात चाकं रुतणार, भरतीचं पाणी आत येणार. म्हणून पावसाळ्यात ही टपालसेवा बाडबिस्तरा गुंडाळून पुण्याला जायची आणि येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावरून चालायची. कोकणपट्टीतला छोटा विमानतळ म्हणजे काय, हे तेव्हाच कळलं होतं. वर्षातले चार महिने तो पावसाचा. ठाणे-नवी मुंबईत छोटा विमानतळ हवा म्हणणाऱ्यांनी इथूनच हिशेब सुरू करावा. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शिकाऊ वैमानिक डोळ्यांनी बघून उडतो. त्याला समोर किमान 5 किलोमीटर दिसावं लागतं आणि ढगांपासून ठरलेलं अंतर राखावं लागतं. जुलैमध्ये पारसिकच्या डोंगरावर ढग टेकलेले असतात तेव्हा कसलं आलंय उड्डाण! धुळे, बारामती, गोंदिया इथे फ्लाइंग स्कूल निघाली त्याला जागेच्या स्वस्ताईइतकंच तिथलं हवामानही कारण आहे.

दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझला हवाई दलाचा मोठा तळ झाला आणि युद्धानंतर प्रवासी वाहतूक तिकडे गेली. जुहूच्या पूर्वेला, जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर. जुहूच्या नशिबाला कलाटणी मिळाली ती इथे. एवढ्या जवळ दोन विमानतळ असले की काय होतं, याचे दोन दाखले हवाई वाहतुकीतल्या माणसांना पाठ असतात.

15 जुलै 1953 ला ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेजचं कॉमेट हे जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. ते तिथून उडवून बाहेर काढायला नऊ दिवस लागले. 24 सप्टेंबर 1972 ला जपान एअरलाइन्सच्या डीसी-8 विमानाने हीच चूक केली, आणि हे विमान धावपट्टी संपल्यावर पुढे निघून गेलं. जीव कोणाचा गेला नाही, पण विमान कायमचं निकामी झालं. आजच्या वाचकाला वाटेल, एवढं मोठं विमान, एवढे अनुभवी वैमानिक, अशी गफलत होतेच कशी? नकाशा काढून बघा. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिची होकायंत्रावरची दिशा, शेवटचं शून्य काढून. सांताक्रूझची मुख्य धावपट्टी 09/27, जुहूची 08/26. दोन्ही जवळजवळ समांतर, दोन्ही पूर्व-पश्चिम. समुद्राकडून येणाऱ्या वैमानिकाला किनारा ओलांडताच पहिली धावपट्टी दिसते ती जुहूची. पाऊस, धूसर हवा, त्यात डोळ्यांनी बघून उतरायचं, आणि समोर हवी त्याच दिशेची पट्टी. मन म्हणतं, हीच. फरक फक्त लांबीत. जुहूची पट्टी 1,140 मीटरच्या आसपास, सांताक्रूझची तिच्या तिप्पट. आता उपकरणांमुळे अशी चूक होणं फार अवघड झालंय, पण नियम बनवणारे असले प्रसंग विसरत नाहीत.

मग जुहू टिकलं कशावर? तेलावर. 1974 मध्ये मुंबई हायला तेल सापडलं, किनाऱ्यापासून 160 किलोमीटर आत समुद्रात. तिथे माणसं ने-आण करायला हेलिकॉप्टरशिवाय पर्याय नाही. 1985 मध्ये पवन हंस स्थापन झाली आणि जुहू हा तिचा मोठा तळ झाला. सकाळी तिथे गेलात तर दिसतं ते असं. रिगवर निघालेली माणसं रांगेत उभी. सामानाबरोबर प्रत्येक माणसाचंही वजन होतं, कारण हेलिकॉप्टरला किलोकिलोचा हिशेब लागतो. समुद्रावर जायचं म्हणून अंगात लाइफ जॅकेट, आणि बुडत्या हेलिकॉप्टरमधून बाहेर कसं पडायचं याचं प्रशिक्षण आधीच झालेलं. एकामागून एक हेलिकॉप्टर उठतात, खालच्या उंचीवरून समुद्राकडे वळतात आणि दिसेनाशी होतात. वरून जाणाऱ्या मोठ्या विमानांशी त्यांचं जमतं, कारण त्यांच्या वाटा आणि उंची ठरलेल्या आहेत आणि त्यांना धावपट्टीची लांबलचक सरळ रेषा लागत नाही.

शिकाऊ विमानाचं तसं नसतं. त्याला सर्किट मारायचं असतं. उडायचं, हजार फुटांवर जायचं, वळायचं, धावपट्टीला समांतर यायचं, पुन्हा वळायचं, टेकायचं आणि लगेच परत उडायचं. असं तासभर. उतरणं हाताला बसतं ते अशा शेकडो टेकण्यांनी. आता यातलं प्रत्येक सर्किट सांताक्रूझच्या उतरत्या-चढत्या वाहतुकीच्या पोटाखाली. जुहूच्या टॉवरवर बसलेल्याला प्रत्येक वेळी मुंबई अप्रोचची, म्हणजे येणारी विमानं रांगेत लावणाऱ्या रडार कक्षाची, परवानगी घ्यावी लागणार, आणि अप्रोचवाला म्हणणार थांब. त्याची चूक नाही. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी वापरात एकच, आणि तिच्यावरून दिवसाला नऊशेहून जास्त विमानं. अशा गर्दीत सेसनाचा विद्यार्थी घड्याळाचे पैसे भरत जमिनीवर इंजिन चालू ठेवून उभा राहतो. फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण धुळ्याला गेलं यात मला काही नवल वाटलं नाही. शहराने आपला सगळ्यात जुना फ्लाइंग क्लब घालवला अशी हळहळ पुष्कळ ऐकली. शिकणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर तो निर्णय योग्यच होता.

इथे एक प्रश्न नेहमी येतो. नवी मुंबईत 3,700 मीटरची धावपट्टी आहे, मग तिच्यावरच छोटी विमानं का नाही उतरवत? उतरवता येतात, नियमात काही आड येत नाही. पण गणित बघा. एअरबस 320 शेवटच्या टप्प्यात 135-140 नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) येते, सेसना 152 साधारण 60-65 ने. धावपट्टीपासून 10 सागरी मैलांवरून एअरबसला सव्वाचार मिनिटं लागतात, सेसनाला नऊच्या वर. त्यात मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांकडून मागे हवेचे भोवरे सुटतात. हलकं विमान त्यात सापडलं तर उलटू शकतं. म्हणून एअरबससारख्या मध्यम वजनाच्या विमानामागे हलकं विमान उतरवताना रडारवर 5 सागरी मैलांचं अंतर ठेवावं लागतं. म्हणजे एका शिकाऊ विमानासाठी दोन-तीन प्रवासी विमानांची जागा गेली. पुढे मागे कुठे फट आहे ते शोधत बसणाऱ्या कंट्रोलरला विचारा, तो हात जोडेल. खाजगी जेटची गोष्ट वेगळी. ती मोठ्या विमानांच्याच वेगाने येतात, त्यांना तिथे मिसळता येतं. सांताक्रूझला गर्दीच्या तासांत खाजगी विमानांवर बंधनं आहेत, त्यामुळे ती नवी मुंबईकडे वळतील हे उघड आहे. उद्योगपतीची सोय झाली म्हणजे शिकणाऱ्याची झाली असं मात्र होत नाही.

आता नेवाळी. कल्याणहून मलंगगडाकडे जाताना नेवाळी नाका लागतो, अंबरनाथच्या अलीकडे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने इथली जमीन घेऊन धावपट्टी केली. युद्ध संपलं, विमानं गेली. आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी जमीन कसणं पुन्हा सुरू केलं. कागदावर ती संरक्षण खात्याकडे राहिली, पुढे नौदलाच्या ताब्यात. शेतकऱ्यांचं म्हणणं, जमीन युद्धापुरती घेतली होती, ती परत मिळायला हवी होती, आमच्या तीन पिढ्या इथे राबल्या. सरकारी बाजूचं म्हणणं, जमीन आमची. नौदलाने कुंपणभिंतीचं काम काढलं आणि 22 जून 2017 ला आंदोलन पेटलं. रस्ते अडले, पोलिसांच्या गाड्या जळल्या, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्या कोणालाही तो दिवस आठवत असेल.

या जागेचा दुसरा विमानतळ करावा ही सूचनाही नवी नाही. नवी मुंबईच्या जागेवर 2010 च्या सुमारास पर्यावरणाचा वाद चालला होता, खारफुटी, उलवे नदीचा प्रवाह, उलव्याची टेकडी, तेव्हा पर्याय म्हणून कल्याणचं नाव पुढे आलं होतं. शेवटी नोव्हेंबर 2010 मध्ये नवी मुंबईला मंजुरी मिळाली आणि कल्याणचा विषय मागे पडला.

मोठा नको, छोटाच करू म्हटलं तरी नेवाळीला अडचणी आहेतच. आकाशाची गोष्ट आधी. वर्षाचा बराच काळ वारा पश्चिमेचा असतो, त्यामुळे सांताक्रूझला विमानं पूर्वेकडून उतरतात. कोपरखैरणे-वाशीच्या पट्ट्यातले लोक रोज बघतात ती हीच रांग. उतरणीचं सूत्र सोपं आहे, दर सागरी मैलामागे साधारण 300 फूट. कोपरखैरणेला विमान दोन-सव्वादोन हजार फुटांवर असतं, शिळफाट्याच्या बाजूला आणखी वर. नेवाळी या रांगेच्या थोडी उत्तरेला. दक्षिणेला वीस-बावीस किलोमीटरवर नवी मुंबईचा विमानतळ, त्याची स्वतःची येणारी-जाणारी वाहतूक. मलंगगड आणि माथेरानची रांग पूर्व-दक्षिणेला भिंतीसारखी उभी. माथेरानचं पठार 800 मीटर उंच, म्हणजे सव्वीसशे फूट. वर रडारची गर्दी, बाजूला डोंगर. मधल्या फटीत हजार फुटांवर सर्किट मारता येईल, पण सर्किट सोडून सरावाला कुठे जायचं? शिकणाऱ्याला वळणं, स्टॉल (वेग कमी होऊन पंखांची उचल जाणं), इंजिन बंद पडल्याचा सराव यासाठी तीन-चार हजार फुटांवर मोकळा टापू लागतो. तो तिथे मिळणं कठीण.

मग इमारती. धावपट्टीच्या दोन्ही टोकांकडून एक अदृश्य उतार वर चढत जातो, त्याच्यावर काही डोकं काढता कामा नये. जुहूच्या लांबीच्या, डोळ्यांनी बघून वापरायच्या पट्टीसाठी हा उतार 25 ला 1. म्हणजे उतार सुरू होतो तिथून 1 किलोमीटरवर 40 मीटरपेक्षा उंच काही चालणार नाही, साधारण बारा-तेरा मजले. अर्ध्या किलोमीटरवर 20 मीटर, सहा मजले. आणि धावपट्टीभोवतीच्या वर्तुळात सगळीकडे 45 मीटरची मर्यादा. आता काटई-खोणी ते बदलापूर हा रस्ता डोळ्यांसमोर आणा. किती टॉवर उभे राहिलेत? विमानतळ आधी असतो तेव्हा निदान एनओसीचा दंडुका हातात असतो. इथे इमारती आधी आल्या. शिवाय धावपट्टी नव्याने जाहीर झाली की त्या उताराखाली येणाऱ्या प्रत्येक जमीनमालकाच्या चटईक्षेत्रावर गदा येते. तो तुमच्या मुलीच्या उड्डाणाच्या हौसेसाठी गप्प बसेल? उलवे, खारघर, नेरूळमध्ये पुनर्विकास करणाऱ्या सोसायट्यांना हे आता चांगलंच समजलंय. विमानतळ प्राधिकरणाच्या रंगीत नकाशात आपला प्लॉट कोणत्या रंगात येतो, ते बघितल्याशिवाय आर्किटेक्ट पुढे सरकत नाही.

तरीही यातली सगळ्यात मोठी अडचण मला आकाशाची किंवा टॉवरची वाटत नाही. नवी मुंबईचा विमानतळ 1,160 हेक्टरवर झाला तो भूमिपुत्रांशी वाटाघाट करून. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं तत्त्व 1984 च्या आंदोलनातून, पाच माणसांचे जीव जाऊन आलं होतं. विमानतळग्रस्तांसाठी ते साडेबावीस टक्के विकसित जमिनीपर्यंत गेलं. आणि विमानतळाला त्या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटलांचं नाव मिळावं म्हणून माणसं पुन्हा रस्त्यावर उतरली. नेवाळीच्या माणसांशी असा कुठलाही हिशेब कोणी केलेला नाही. तो न करता तिथे कोणी विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, जरी उभारला, तरी दुसऱ्या दिवशी तो जागेवर नसेल, आणि मला त्या माणसांचा राग येणार नाही. ज्यांना नेवाळीला फ्लाइंग स्कूल हवं आहे त्यांनी आधी त्या गावांत जाऊन बसावं, नकाशे नंतर काढावेत.

जुहूची धावपट्टी समुद्रात वाढवायच्या कल्पनाही अधूनमधून वर येतात. लांबी वाढेल, सांताक्रूझचं आकाश तिथलं तिथेच राहील. त्याने छोटी जेट येतील, विद्यार्थी येणार नाहीत.

आता तुमच्या मुलीचं. घराजवळ विमानतळ नाही याने तिचं काही अडत नाही. फ्लाइंग शिकायला मुलं तसंही होस्टेलवरच राहतात, कारण पहाटेची शांत हवा गाठायची असते आणि सानपाड्याहून लोकल पकडून ती गाठता येत नाही. विद्यार्थी परवान्याला 16 वर्षं पुरी लागतात, खाजगी वैमानिकाच्या परवान्याला 17 आणि किमान 40 तास उड्डाण. व्यावसायिक परवान्याला 18 वर्षं आणि 200 तास. बारावीला फिजिक्स आणि गणित तिने ठेवावं, पुढे त्यावरून खेटे घालायला नकोत.

मेडिकल आधी करून घ्या, फी भरायच्या आधी. डोळे, रंग ओळखणं, कान, रक्तदाब. लाखो रुपये भरल्यावर रंगांधळेपणा निघालेली मुलं मी पाहिली आहेत, आणि कुठल्याच संस्थेने त्यांना आधी मेडिकल करा असं सांगितलं नव्हतं.

उडणं खरंच आवडतंय का हे स्वस्तात बघायचं असेल तर पुण्याला हडपसरचं ग्लायडिंग सेंटर आहे, 1950 पासूनचं. इंजिन नसलेलं विमान, जमिनीवरच्या विंचने दोर ओढून वर चढवतात. सध्या उड्डाणं चालू आहेत ना, ते जायच्या आधी विचारून घ्या. ग्लायडरमध्ये हवेचा अंदाज हातात येतो, तो पुढे जेटमध्येही कामाला येतो.

फ्लाइंग स्कूल निवडताना माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि तिथे जाऊन सकाळी हँगरपाशी उभे राहा. बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया, अमरावती, जिथे जायचं तिथे. विमानं किती आहेत ते विचारू नका, आज उडणारी किती ते विचारा. सुट्या भागांसाठी महिनोन्‌महिने उभी असलेली विमानं कागदावर चालूच असतात. एका विमानामागे किती विद्यार्थी, इन्स्ट्रक्टर किती, आणि मागच्या बॅचच्या मुलांना 200 तास पुरे करायला प्रत्यक्षात किती महिने लागले, हे तिथल्या मुलांनाच चहाच्या टपरीवर विचारा, ऑफिसात नको. डीजीसीए, म्हणजे देशाची नागरी विमान वाहतूक नियामक संस्था, 2025 पासून फ्लाइंग स्कूलना श्रेणी देते, तीही बघा. आणि मुलीला बरोबर न्या. सकाळभर धावपट्टीकडे बघत बसल्यावर ती कंटाळली तर तेही तिथेच कळेल.